पेटंटावरचं दुसरं नाव

मी अहेरीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माझ्या नावावर दोन पेटंट आहेत हे कळलं की लोक माझ्याकडे जरा जपून बघायला लागतात, जणू मी पदरातून एखादा बॉम्ब काढणार आहे. प्रत्यक्षात एक पेटंट गंजावर लावायच्या काळ्या पाण्याचं आहे आणि दुसरं काटेरी तार साफ करायच्या यंत्राचं. दोन्हींवर माझ्याबरोबर एका वेल्डरचं नाव आहे. पहिल्या अर्जात मात्र ते नव्हतं. ते मीच लिहिलं नव्हतं.

प्रयोगशाळेतले लोखंडी स्टँड गंजून हलायला लागले, तेव्हा मी ते ऑटोत घालून आलापल्ली रोडवरच्या वेल्डिंगच्या दुकानात नेले. दुकानाचे मालक साठीच्या आसपासचे, काटकुळे, चष्म्याच्या काड्या दोऱ्यानं बांधलेल्या. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं. पुढे टिनाचं शेड, मागे घर, आणि घरातून चाचींचा आवाज. चाची दिसायच्या कमी, ऐकू यायच्या जास्त.

चाचांनी एक स्टँड उचलून खिळ्यानं टोचला. पापुद्रा गळून पडला.

"मॅडम, याच्यात लोखंड कमी अन् गंज जास्त हाये. रंग मारून देतो, पण पुढच्या पावसाळ्यात पुन्हा इथीच आणसान."

"मग उपाय काय?"

"उपाय असता तं माझं दुकान चाललं असतं का?" ते हसत म्हणाले.

मी बसायला जागा शोधत होते. कोपऱ्यात एक जुना ड्रम आडवा पडला होता. बाहेरून पार खाल्लेला, बुडाला भोकं. पण आतून तो निळसर काळा आणि गुळगुळीत होता. मी वाकून आत हात फिरवला. कुठेही पापुद्रा नव्हता.

"हा आतून रंगवला होता का?"

"नाई. एका व्यापाऱ्यानं याच्यात हिरडा भरून ठेवला होता. छत गळलं, हिरडा भिजून सडला. त्यानं फेकला, मी उचलून आणला."

हिरड्यात टॅनिन असतं आणि लोखंडाशी गाठ पडली की त्याची काळी शाई होते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले होते. लिहायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं, पुसायचं. ती शाई गंजावर बसली तर गंजालाच बांधून टाकते आणि वर काळं कवच धरते, हे मला त्या ड्रममध्ये डोकं घातल्यावर नीट समजलं. टॅनिनवाली औषधं बाजारात आधीपासून होती, हे मला घरी जाऊन वाचल्यावर कळलं. पण ती महाग होती, आणि हिरडा तर आमच्या आठवडी बाजारात पोत्यानं यायचा.

पुढच्या बाजाराला मी एक पोतं घेतलं. कॉलेजात सुट्टीच्या दिवशी हिरडा कुटायचा, स्टीलच्या भांड्यात उकळायचा, गाळायचा, आणि कॅनमध्ये भरून चाचांकडे न्यायचा, असा माझा क्रम सुरू झाला. चाचांनी लोखंडी पट्ट्या कापून त्या मुद्दाम गंजू दिल्या. प्रत्येकीवर छिन्नीनं नंबर ठोकला. वेगवेगळ्या प्रमाणातलं पाणी लावून त्या शेडच्या कडेला तारेवर टांगल्या. दुरून बघणाऱ्याला वाटायचं, वेल्डरानं लोखंडाचे बोंबील वाळत घातलेत.

मी हातमोजे घालायचे, पण हिरडा कुठून तरी आत शिरायचाच. परीक्षेच्या दिवसांत माझी दहाही बोटं काळी होती. उत्तरपत्रिका वाटताना एक विद्यार्थिनी माझ्या हाताकडे बघत गंभीरपणे म्हणाली, "मॅडम, किती वेळा मतदान केलं?" वर्ग हसला, मीही हसले. त्या दिवशी कॉपी करणाऱ्यांना मी जरा उशिरा पकडलं असेल.

काळ्या पाण्याची खोड एकच होती. आडव्या पत्र्यावर ते छान बसायचं, उभ्या पट्टीवर थांबायचंच नाही. गेट, ग्रिल, खांब, सगळं उभंच असतं. पावसाळा संपल्यावर आम्ही पट्ट्या उतरवल्या तेव्हा बहुतेकींवर पुन्हा लाल गंज धरला होता. फक्त दोन पट्ट्या, अकरा आणि सतरा नंबरच्या, तव्यासारख्या काळ्या आणि कोरड्या. मी वही पुन्हा पुन्हा चाळली. या दोघींना वेगळं काही लावल्याची नोंद नव्हती.

"चाचा, या दोन पट्ट्यांना काय केलं?"

चाचांनी डोकं खाजवलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"डिंक."

"काय?"

"धावड्याचा डिंक. तुमचं पाणी गळून राह्यलं होतं ना, म्हणून त्याच्यात मिसळून पाह्यला."

त्या वर्षी त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. लाडवांसाठी डबाभर डिंक आणून ठेवला होता. चाचांनी आवाज खाली आणला खरा, पण पुरेसा नाही.

"म्हणजे डिंक तुमी नेला!" आतून चाची गरजल्या. "अन् मी इतके दिवस पोरीले बोलून राह्यली, का कच्चाच खाऊन राह्यली म्हणून!"

लेक मांडीवर बाळ घेऊन दारात आली आणि बापाकडे बघत उभी राहिली. चाचांनी घाईघाईनं ग्राइंडर सुरू केला.

त्यानंतरची दोन वर्षं मात्र माझी होती. डिंक किती, हिरडा किती, आधी काय विरघळवायचं, गरम की थंड, किती वेळ ठेवलं तर नासतं. डिंक नुसता चिकटवत नाही, तो ओल धरून ठेवतो, त्यामुळे टॅनिनला गंजाच्या आत खोलवर जायला वेळ मिळतो, हे मी शोधून काढलं. वह्या भरल्या. म्हणून नागपूरच्या पेटंट एजंटबाईंनी पाठवलेल्या फॉर्मवर 'शोध कोणाचा' या रकान्यापाशी आले तेव्हा मी फार विचार केला नाही. माझं नाव लिहिलं.

फार विचार केला नाही असं मी स्वतःलाच सांगत होते. खरं तर केला होता. चाचांनी डिंक मिसळला तो गळू नये म्हणून, त्याचं शास्त्र त्यांना कुठे ठाऊक होतं, असं मी मनाशी घोळवलं होतं. मी बल्लारपूरच्या कामगार वस्तीतली मुलगी. आमच्या घरातून कॉलेजात शिकवायला लागलेली पहिली. आपलं नाव सरकारी कागदावर एकटं छापून यावं, ही हाव मला होती. ती मी शास्त्राच्या रुमालात गुंडाळली, एवढंच.

"फॉर्म भरला का मॅडम?" चाचांनी विचारलं होतं.

"भरला."

"बहोत अच्छा," ते म्हणाले आणि चष्म्यावर काळी काच ओढून वेल्डिंगला लागले.

पुढे बऱ्याच महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या हरकती आल्या. भाषा कायद्याची होती, मतलब साधा होता. हिरड्यानं लोखंड काळं होतं हे लोकांना पिढ्यान्पिढ्या माहीत आहे, आणि जुन्या माहितीवर पेटंट देता येत नाही. त्यात डिंक घातला म्हणाल, तर दोन माहितीच्या वस्तू एकत्र केल्यानं शोध होत नाही. आम्ही लेखी उत्तर दिलं. मग व्हिडिओवर सुनावणी ठरली.

कॉलेजातलं इंटरनेट त्या आठवड्यात बंद होतं. माझ्या घरी आवाज यायचा तर चित्र जायचं. चाचांच्या दुकानामागेच टॉवर होता, म्हणून सुनावणी वेल्डिंगच्या शेडमध्ये घ्यायची असं ठरलं. चाचींनी माझ्या पाठीमागे फुलाफुलांची नवी चादर टांगली. ग्राइंडर बंद, कॉम्प्रेसर बंद. गेटसाठी आलेल्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी रस्त्यावरूनच परत पाठवलं. "आज कोर्ट हाये," म्हणाल्या.

मी लॅपटॉपसमोर. चाचा कॅमेऱ्याच्या बाहेर, उलट्या बादलीवर बसून, मांडीवर नंबरवार लावलेल्या पट्ट्या. मी नंबर सांगायची, ते पट्टी हातात द्यायचे. पडद्यावर एका चौकटीत एजंटबाई, दुसरीत सुनावणी घेणारे अधिकारी. शांत, सभ्य गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले,

"उभ्या पृष्ठभागावर द्रव टिकत नसेल तर कोणीही त्यात डिंक घालून पाहील. यात नवीन काय?"

मी ओलीचं सांगितलं, आत जाण्याचं सांगितलं, कापलेल्या पट्टीचे फोटो दाखवले.

"हे कारण तुम्हाला नंतर कळलं," ते म्हणाले. "मी विचारतोय, पहिल्यांदा धावड्याचा डिंक तुम्ही कशावरून निवडला?"

मी चाचांकडे पाहिलं. ते पुढची पट्टी हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या बघण्यात कसलाही टोमणा नव्हता. मी काय उत्तर देते याची त्यांना खरंच उत्सुकता होती. एखादं गुळगुळीत वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. वीस वर्षं शिकवत आलेल्या माणसाकडे अशी वाक्यं असतातच. पण ते बाहेर पडेना.

"मी निवडला नाही, सर," मी म्हटलं. "ज्यांनी निवडला ते इथेच बसलेत."

एजंटबाईंच्या भुवया वर गेल्या. अधिकारी म्हणाले, "त्यांना समोर येऊ द्या."

चाचा बादली ओढत फुलांच्या चादरीसमोर आले. पट्ट्या तशाच मांडीवर. "नमस्ते साहेब."

"तुम्ही डिंक का घातला?"

"गळून राह्यलं होतं साहेब."

"तेच मी म्हणतोय. मग कोणताही डिंक चालला असता."

"नाई ना साहेब." चाचांनी पट्ट्या चाळून एक वर काढली. "ही चार नंबर. हिले बाभळीचा लावला होता, आधी. आमच्याकडे तोच सस्ता. तो लवकर सुकते अन् तडकते. हे पाहा, तडकला तिथूनच गंज घुसला. मग ही नऊ नंबर, हिले लग्नाच्या पत्रिका चिकटवतात ती खळ. हिच्यावर तं बुरशी आली. मग मी धावड्यावर गेलो. तो हळू हळू सुकते. चाचीचे लाडू नाई का दोन दिवस नरम राह्यत, तसा."

माझ्या वहीत चार आणि नऊ नंबरसमोर मी फक्त 'अयशस्वी' असं लिहिलं होतं. त्यांना काय लावलं हे मी कधी विचारलंच नव्हतं. समोरच्या माणसाला जे सिद्ध करून दाखवायला मी दोन वर्षांच्या वह्या घेऊन बसले होते, ते त्या दोन फसलेल्या पट्ट्यांमध्ये होतं. कोणीही घातला असता तो डिंक फसला होता.

अधिकारी काही तरी लिहीत होते. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "अर्जात यांचं नाव का नाही?"

"माझी चूक झाली, सर."

"ती दुरुस्त करता येईल. एजंट सांगतील," ते म्हणाले. आणि चाचांना म्हणाले, "त्या पट्ट्या जपून ठेवा."

लॅपटॉप बंद झाला. शेडमधली सगळी यंत्रं अजून बंदच होती. मी चाचांना म्हटलं, "माफ करा. तुमचं नाव मी जाणूनबुजून गाळलं होतं."

"नावाचं काय एवढं मॅडम?"

"एवढं कसं नाई?" आतून चाची. "डिंक कोणाचा गेला?"

चाचा हसले. मग पट्ट्या नंबरवार लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले मालूम होतं. तुमी कागद इथीच विसरल्या होत्या एक दिवस. लेक आली होती, तिनं वाचून दाखवला. थोडं वाईट वाटलं, खोटं काऊन बोलू?"

"मग मला काऊन नाही बोलले?" मी विचारलं. त्यांच्या संगतीत माझं बल्लारपूर आपोआप वर यायचं.

"बोललो असतो अन् तुमी रागानं आल्या नसत्या तं? या पट्ट्यांचं काय झालं असतं?"

मला रडू आलं. चाचींनी बाहेर येऊन चहा दिला आणि माझ्या पाठीवर जरा जोरातच थाप मारली. राग आणि माया दोन्ही एका थापेत बसवायची त्यांची पद्धत होती.

नाव जोडायचा फॉर्म भरला. पेटंट मिळालं. दोन नावं, आणि मी एजंटबाईंना सांगून चाचांचं वर घ्यायला लावलं.

दुसऱ्या पेटंटाची गोष्ट याहून गमतीची. काळं पाणी गेटला ब्रशनं लावता येतं, काटेरी तारेला कसं लावणार? शेतकरी जुनी गंजकी तार घेऊन यायचे आणि चाचांचे हात रक्ताळायचे. त्यांनी सायकलच्या चाकांपासून आणि भंगारातल्या बेअरिंगपासून एक यंत्र जोडलं. तार एका बाजूनं आत जायची, तारेच्या ब्रशांमधून घासली जायची, काळ्या पाण्यात बुडायची आणि दोन रोलरांमधून निथळून बाहेर यायची. यावेळी इंजिनिअरिंग सगळं त्यांचं होतं. माझा फक्त तार काळ्या पाण्यात किती वेळ बुडायला हवी तो हिशेब, आणि कागद.

एजंटबाई ते बघायला स्वतः अहेरीला आल्या. त्यांना प्रत्येक भागाचं नाव हवं होतं. चाचांनी खडूनं जमिनीवर आकृती काढली आणि बोट ठेवत गेले. "ही बेडकी, उडी मारते. हा बुढा, जागचा हालत नाई. अन् ही वरची सासू, ही खालची सून."

एजंटबाईंनी वहीत लिहिलं, 'वरचा दाब देणारा रोलर.'

"नुसतं दाबणारी नाई मॅडम," चाचा म्हणाले. "काटा आला का सासू वर होते, काटा गेला का पुन्हा बसते. दाबून धरली असती तं तार तुटली असती, अन् सैल सोडली असती तं पाणी निथळलं नसतं. आमच्या घरची सासू अशीच होती, म्हणून आमचा संसार झाला."

"खरं आहे," आतून उत्तर आलं.

एजंटबाई लिहिता लिहिता थांबल्या. "पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. "हेच. काटा आला की काय होतं?" त्या पेटंटातला मुख्य दावा म्हणजे चाचांचं हे वाक्य आहे, फक्त त्यातली सासू काढून टाकलेली. चाचांना ते अजून पटलेलं नाही. सासूशिवाय कोणाला समजणार, असं त्यांचं म्हणणं.

आज आमचं काळं पाणी तालुक्यातल्या शाळांच्या गेटांवर, हातपंपांवर, प्राणहितेच्या घाटावर होड्या बांधायच्या लोखंडी कड्यांवर आहे. मोठा कारखाना झाला नाही. बचतगटाच्या बायका एका शेडमध्ये ते बनवतात आणि बोटं काळी होतात म्हणून मला बोलतात.

दुसरं प्रमाणपत्र आलं तेव्हा मी चाचा-चाचींना घेऊन बल्लारपूरला गेले. माझे बाबा तिथे असतात. कागद कारखान्यात यंत्राच्या खात्यात त्यांनी सगळी नोकरी काढली, आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि ऐकू कमी येतं. दारात बाबांनी "जयभीम" म्हटलं, चाचांनी "सलाम", आणि दोघांनी एकमेकांचे हात धरून बघितले. दोघांच्याही हातांवर भाजल्याच्या खुणा.

बाबांनी प्रमाणपत्र भिंगाखाली धरून वाचलं. दोन्ही नावं मोठ्यानं वाचली. मला वाटलं आता ते मला काही तरी म्हणतील. त्यांनी प्रमाणपत्र माझ्या हातात दिलं आणि आकृतीचा कागद मागितला. तो बराच वेळ बघितल्यावर सासूवर बोट ठेवून म्हणाले, "हा रोलर एका बाजूनं जास्त झिजत असन."

चाचा खुर्चीतून उठले. "झिजतेच! तीन महिन्यांपासून तेच पाहून राह्यलो मी. तुमाले कसं मालूम?"

"आमच्याकडे कागद असाच तिरपा जायचा. मधोमध पोट ठेवा त्याले, कडेपेक्षा जाड. थोडंसं. केसभर."

"पोट? कसं?"

बाबांनी पेन्सिल मागितली. मी दिली. चाचा त्यांच्या कानाशी ओरडून विचारायला लागले, बाबा कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रोलर काढायला लागले, आणि मी त्या खोलीत आहे हे दोघंही विसरले. चाची आणि मी आत जाऊन जेवून घेतलं. त्या दोघांचं जेवण दोनदा गरम केलं. अहेरीची पाचची बस गेली, मग सहाची गेली. शेवटी चाचींनी चादरी मागून घेतल्या आणि पुढच्या खोलीत अंथरूण घालायला लागल्या.